तुलनेपुरती मालती

२ मार्च, रविवार

गुडघ्याच्या शस्त्रक्रियेपूर्वी माझे वजन आठ किलोंनी उतरले पाहिजे, असे शल्यविशारदांनी बजावले आहे. ते कसे उतरवावे हे सांगण्यासाठी त्यांनी मला सायली नावाच्या आहारतज्ज्ञ बाईंकडे पाठवले. बाई नाशिककडच्या, वयाने माझ्या शेवटच्या तुकडीतील विद्यार्थिनींएवढ्या. त्यांनी पथ्य असे काही दिलेच नाही. एक कोरी वही दिली.

"सर, जे तोंडात जाईल ते लिहायचं. तेव्हाच्या तेव्हा. बास, एवढंच."

"लिहिल्याने वजन घटते?"

"घटतं ना! माझ्या एका पेशंटचं नऊ किलो घटलं."

एका उदाहरणावरून नियम सिद्ध होत नाही, हे सिल्वासाच्या शाळेत तर्कशास्त्र शिकवताना मी दरवर्षी पहिल्याच आठवड्यात सांगत असे. बाईंना ते सांगून उपयोग नव्हता. बाहेर आणखी सहा माणसे बसली होती.

'नोंद ठेवल्याने वजन घटते' ही प्रतिज्ञा, म्हणजे सिद्ध करायचे विधान, झाली. ती स्वीकारायची तर दोन गोष्टी दिसल्या पाहिजेत. जेथे नोंद आहे तेथे घट दिसावी, आणि जेथे नोंद नाही तेथे घट दिसू नये. पहिल्या बाजूला मी आहे. दुसऱ्या बाजूला असा कोणी हवा, जो याच स्वयंपाकघरातले अन्न माझ्यासोबत बसून खातो, परंतु लिहीत नाही. शोध घ्यावा लागला नाही. माझी पत्नी मालती समोर भाजी निवडत होती.

"म्हणजे मी काय करायचं?"

"काहीही नाही. नेहमीसारखे राहायचे."

"ते जमेल मला," ती म्हणाली. "दुसरं काही कधी सांगितलंयत का?"

आज चहापूर्वी दोघांनी वजन केले. मी ८८.२, मालती ६१.४. यापुढे दर रविवारी, चार आठवडे.

५ मार्च, बुधवार

'खाणे' या शब्दाचे लक्षण, म्हणजे व्याख्या, ठरवल्याशिवाय नोंद सुरू करणे योग्य नव्हते. मी ठरवले: पानात वाढलेले आणि बसून सेवन केलेले ते खाणे. या लक्षणानुसार प्रसाद, स्वयंपाकघरातून जाता जाता उचललेले शेंगदाणे आणि चहासोबतची खारी वगळली जात होती. सायलीबाईंना दूरध्वनीवरून हे वाचून दाखवले.

"सर, उभ्यानं खाल्लेल्या शेंगदाण्यांना कॅलरी नसतात का?"

लक्षण तोकडे पडते, म्हणजे त्यात अव्याप्ती आहे, हे मान्य करावे लागले. शेंगदाणे आता वहीत येतात. वही एका दिवसात दुप्पट भरू लागली आहे. मी किती शेंगदाणे खातो याची मला कल्पना नव्हती. मालतीला होती, असे तिच्या चेहऱ्यावरून वाटले.

९ मार्च, रविवार

मी ८७.९. मालती ६०.३.

हे अपेक्षित नव्हते. जिने काही लिहिले नाही तिचे वजन माझ्याहून अधिक घटले. मात्र कारण लगेच सापडले. आमच्या इमारतीची लिफ्ट मंगळवारपासून बंद आहे. मी गुडघ्यांमुळे खाली उतरतच नाही. मालती मात्र आमलीच्या बाजारात जाण्यासाठी दररोज तीन मजले चढते-उतरते. तुलनेत हा भेद शिरला आहे. नोंदवून ठेवतो.

ऊन यंदा लवकर तापू लागले. फ्रिजमधल्या पाण्याच्या बाटल्या दुपारपर्यंत रिकाम्या होतात. मालतीने उशाशी तांब्याही ठेवायला सुरुवात केली आहे.

१२ मार्च, बुधवार

शेजारचा गोकुळ येऊन गेला. तो धुळ्याकडचा, राखोलीच्या एका कारखान्यात सुपरवायझर आहे आणि पाळी संपली की आमच्याकडे चहाला टेकतो. टेबलावरची वही त्याने उलटसुलट करून पाहिली.

"काय सर, लिहून वजन उतरतं? मग आमचा शेठ रोज हिशेब लिहितो, तो तर काडीपेटीतली काडी पाहिजे होता. दरवाज्यातून आडवा घ्यावा लागतो त्याला."

"तो काय लिहितो यावर ते अवलंबून आहे."

"तो दुसऱ्यांचं खाल्लेलं लिहितो ना." तो स्वतःच्याच विनोदावर बराच वेळ हसला. मालती चहा घेऊन आली तेव्हा तो थांबला. "काकू, तुम्ही पण वही घेतली का काय? निम्म्या झाल्यात तुम्ही!"

"छे रे. मी नुसती हजर असते," मालती म्हणाली.

बारीक होणे यावरून वही असणे असे अनुमान गोकुळने केले. ते सदोष आहे. पण त्याचे निरीक्षण काट्याशी जुळते, हे मान्य केले पाहिजे.

१३ मार्च, होळी

पुरणपोळी. दोन खाल्ल्या. तिसरी पानात घेण्यापूर्वी ती लिहावी लागेल हे ध्यानात आले आणि हात मागे घेतला. हा शोध महत्त्वाचा आहे. नोंद काही शिकवते म्हणून माणूस कमी खातो असे नाही. पुरणपोळीत काय असते हे मला साठ वर्षांपासून ठाऊक आहे. नोंद केवळ लाज उत्पन्न करते, आणि तीही स्वतःची. सायली नावाची मुलगी हे पान वाचणार आहे म्हणून मी एक पोळी सोडली, असे लिहिणेही मला लाजिरवाणे वाटते.

मालतीने चार खाल्ल्या आणि तिन्हीसांजेला पुन्हा भूक लागली म्हणाली. तिची पचनशक्ती उत्तम आहे.

१६ मार्च, रविवार

मी ८८.१. मालती ५९.०.

प्रतिज्ञा अडचणीत आली आहे. जेथे नोंद आहे तेथे वाढ. जेथे नोंद नाही, उलट चार पुरणपोळ्या आहेत, तेथे घट. इतके स्वच्छ प्रतिउदाहरण मला अध्यापनाच्या काळात मिळाले असते तर वर्ग खूश झाला असता. मालतीला तसे सांगितले.

"माझा उपयोग होतोय म्हणायचा," ती म्हणाली आणि काट्यावरून उतरताना भिंतीला हात लावला.

१९ मार्च, बुधवार

दुपारी वाळलेले कपडे घड्या घालता घालता मालती मध्येच पलंगावर बसली.

"अहो, परवा गोकुळच्या गाडीतून जरा डॉक्टरांकडे जाऊन येऊ का? फार गळून गेल्यासारखं होतं."

"काही विशेष होते आहे का?"

"विशेष असं नाही."

"पापडांचे पीठ कुटलेस, त्याचा शीण असेल. तीस तारखेला चार आठवडे पूर्ण होतात. आता मध्येच एखादे औषध सुरू झाले, तर घट नोंदीअभावी झाली की औषधाने, हे ठरवता येणार नाही. तीसनंतर जाऊ."

तिने घडी घातलेला सदरा पुन्हा उलगडला आणि पुन्हा घातला.

"बरं. तुमचं ते होऊन जाऊ दे."

मालतीने औपचारिक शिक्षण बारावीनंतर सोडले. तरीही तुलनेची शुद्धता काय असते, हे तिला समजावून सांगावे लागले नाही. याची नोंद करणे मला उचित वाटते.

२३ मार्च, रविवार

मी ८७.६. मालती ५७.५.

आठवड्यातील इतर गोष्टी. पापडाचे अर्धे पीठ तसेच राहिले. मालती म्हणते, पुढच्या वर्षी विकतचे आणू. वर्तमानपत्रातली अक्षरे तिला पुसट दिसतात, म्हणून मथळे मी वाचून दाखवतो. तिचा चष्मा जुना आहे. गच्चीवर वाळवणासाठी अनवाणी गेल्यामुळे तिच्या पायाला खरचटले होते, ते अद्याप ओले आहे. अनवाणी जाऊ नये, असे मी सांगितले.

माझ्या वहीविषयी: 'थोडा भात' असे लिहिणे मी बंद केले आहे. 'थोडा' हा शब्द साक्षीदार म्हणून टिकत नाही. भात आता वजन करून घेतो.

"शितं मोजून वाढू का?" मालतीने विचारले.

"वजन पुरेसे आहे."

"मी गंमत केली हो," ती म्हणाली. ती हल्ली हळू बोलते, त्यामुळे गंमत पटकन ओळखू येत नाही.

२९ मार्च, शनिवार

हे आज लिहून काढले पाहिजे. हात स्थिर आहे.

उद्याच्या पाडव्यासाठी स्नेहल पुण्याहून आली. आमची एकुलती एक मुलगी. मार्चअखेरच्या कामामुळे संक्रांतीनंतर तिला येता आले नव्हते. दार मालतीने उघडले. स्नेहल बॅग हातात धरून उंबऱ्यातच उभी राहिली.

"आई? अगं, हे काय?"

"काय म्हणजे? आत ये. पाणी देते."

स्नेहलने तिचा हात धरला. मालतीची बांगडी मनगटावरून घसरत कोपरापर्यंत गेली. दोघींनीही बांगडीकडे पाहिले. मीही पाहिले. ही बांगडी काढण्यासाठी पूर्वी साबण लागत असे.

"बाबा, आईला काय झालंय?"

मी तिला बसायला सांगितले, कारण उत्तर दीर्घ होते. तहान वाढली आहे, ती उन्हामुळे. थकवा आहे, तो पापडांमुळे. अंधुक दिसते, ते जुन्या चष्म्यामुळे. पायाची जखम ओली आहे, ती अनवाणी चालल्यामुळे. वजन घटले आहे, ते जिन्यांमुळे, कारण लिफ्ट बंद आहे.

"लिफ्ट चालू आहे, बाबा. मी लिफ्टनेच आले."

"कधीपासून?"

"झाले की आठ-दहा दिवस," मालती आतून म्हणाली. "तुम्ही विचारलं नाहीत."

मी पुन्हा आरंभापासून सांगू लागलो, या वेळी बोटांवर. तिसऱ्या बोटावर थांबलो. पाच कार्यांना मी पाच निरनिराळी कारणे दिली होती आणि प्रत्येक कारण स्वतंत्रपणे पटण्याजोगे होते. जेथे एका कारणाने भागते तेथे अनेक कल्पू नयेत, याला लाघव म्हणतात. हे मी वर्षानुवर्षे फळ्यावर लिहिले आहे. भरपूर जेवणाऱ्या माणसाचे वजन उतरते, त्याला सतत तहान लागते, त्याची जखम भरत नाही. शाळेचा शिपाईही हे ऐकून एकच कारण सांगेल. मी सांगितले नाही, कारण मला मालतीचे काय होत आहे हे शोधायचेच नव्हते. माझ्या प्रतिज्ञेचे काय होते एवढेच पाहायचे होते.

"चप्पल घाल," मी मालतीला म्हणालो.

"आत्ता? श्रीखंडाचा चक्का टांगलाय."

"टांगलेला राहू दे."

गोकुळ बनियनवरच खाली धावला आणि गाडी काढली. दवाखान्यात बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब यंत्रावर ठेवला. यंत्राने आकडा दाखवलाच नाही. त्याच्या मर्यादेपलीकडे साखर गेली की ते नुसते तसे सुचवते, असे परिचारिकेने सांगितले. नसेतून घेतलेल्या रक्तात साखर पाचशेच्या वर निघाली. तिला दाखल करून घेतले आहे. स्नेहल तिच्यापाशी आहे. पुढचे दोन दिवस महत्त्वाचे, एवढेच डॉक्टर म्हणाले. महत्त्वाचे कशासाठी, हे मी विचारले नाही. मला ते कळले होते.

३१ मार्च, सोमवार

मालती बराच वेळ झोपेत असते. जागी झाली की पाणी मागते. सलाइन आणि इन्सुलिन चालू आहे. आहाराच्या वहीत शनिवार दुपारनंतर काही लिहिलेले नाही.

१ एप्रिल, मंगळवार

साखर खाली येत आहे. डॉक्टर तरुण आहेत. त्यांनी विचारले, "आजींचं वजन कधीपासून उतरतंय, काही अंदाज?"

मी सांगितले. दोन मार्चला ६१.४, नऊला ६०.३, सोळाला ५९.०, तेवीसला ५७.५. भूक केव्हा वाढली, तहान केव्हा, नजर केव्हा, हेही क्रमाने सांगितले.

डॉक्टरांनी लिहिता लिहिता मान वर केली. "कमाल आहे, आजोबा! असे नातेवाईक मिळत नाहीत हो. बहुतेकांना काही सांगताच येत नाही. इतकं बारीक लक्ष ठेवलंत तुम्ही."

स्नेहल खिडकीकडे तोंड करून उभी होती. तिने डॉक्टरांना अडवायला हवे होते.

मी डॉक्टरांना म्हणालो, "एकोणीस तारखेला तिने आपणहून दाखवायला नेण्यास सांगितले होते. मी थांबायला सांगितले. हेही लिहा."

"ते लिहायची गरज नाही," डॉक्टर म्हणाले.

२ एप्रिल, बुधवार

मालतीचा आवाज आज नेहमीसारखा आहे. तिने प्रथम चक्क्याचे काय झाले ते विचारले. गोकुळच्या घरी नेला, असे सांगितले. मग म्हणाली,

"तुमच्या त्या तुलनेचं काय झालं?"

"फसली."

"माझ्यामुळे?"

"नाही. माझ्यामुळे."

"मग वहीत तसं लिहा. नाहीतर लिहाल, मालती आजारी पडल्यामुळे प्रयोग बंद."

मी हसावे अशी तिची अपेक्षा होती. मला जमले नाही. मी विचारले, "तुला बरे वाटत नव्हते, तर तू ठामपणे का सांगितले नाहीस? भांडली का नाहीस?"

ती सलाइनच्या नळीकडे पाहत म्हणाली,

"मला काय ठाऊक, एवढं काही असेल म्हणून. आणि रविवारी सकाळी तुम्ही हाक मारायचात, मालती, ये, वजन करू. काट्याशी वाकून बघायचात. माझा आकडा लिहिताना चेहरा किती खुलायचा तुमचा. म्हटलं, चार रविवार तर आहेत. कशाला मोडा?"

 येत नाही.

७ एप्रिल, सोमवार

मालती काल घरी आली. दिवसातून दोन वेळा इन्सुलिनची सुई घ्यायची आहे. स्नेहल सुट्टी वाढवून थांबली आहे. तिने मला सुई टोचायला शिकवले. माझा हात स्थिर आहे, असे मी मागे लिहिले होते. सुईच्या बाबतीत ते विधान टिकले नाही.

"मास्तर, फळ्यावर खडू धरता तसं धरा," मालती म्हणाली. "आणि डोळे उघडा. मी काही तुम्हाला टोचत नाहीये."

"बाबा, तिला हसवू नकोस, सुई हलते," स्नेहल म्हणाली. मी कोणालाही हसवत नव्हतो. स्नेहल माझ्याशी त्या दिवसानंतर प्रथमच सरळ बोलली.

१० एप्रिल, गुरुवार

सायलीबाईंकडे गेलो. या वेळी मालतीसाठी, डॉक्टरांच्या चिठ्ठीवरून. तिने काय आणि केव्हा खावे हे त्यांनी नीट सांगितले. मालतीनेही आता लिहायचे आहे, पण वजन उतरवण्यासाठी नव्हे, भरून काढण्यासाठी आणि साखर सांभाळण्यासाठी.

मग त्यांनी मला काट्यावर उभे केले. ८५.३.

"वा, सर! जवळजवळ तीन किलो! बघा, म्हटलं नव्हतं? वही दाखवा बरं."

वही दाखवली. एकोणतीस मार्चनंतर ती कोरी होती. सर्वांत मोठी घट नोंद नसलेल्या दिवसांतच झाली होती. दवाखान्याच्या बाकावर बसलेला माणूस काय खातो याला मर्यादा असतात.

"म्हणजे लिहिण्याचा उपयोग होतो की नाही?" बाईंनी विचारले. त्यांना खरोखरच उत्तर हवे होते.

मी सांगितले, "पुरणपोळीच्या बाबतीत होतो. त्यापुढचे मी सांगू शकत नाही. शेवटच्या दिवसांचा पुरावा मी ग्राह्य धरत नाही, आणि त्याआधीच्या चार आठवड्यांत मी चुकीचे पान वाचत होतो."

"मग लिहायचं थांबवणार?"

"नाही. आठ किलो अजून पूर्ण व्हायचे आहेत. शेंगदाण्यांचा प्रश्नही सुटलेला नाही."

"ते मी सांगते सोडवून," मालती म्हणाली. "डबा वरच्या फळीवर ठेवते."

२० एप्रिल, रविवार

गोकुळच्या मुलीचा साखरपुडा खेरडीला आहे. गाडी दहाला निघणार म्हणून मालती सकाळीच तयार होऊन बसली होती. मी काटा काढला नाही. तिनेच पलंगाखालून ओढून काढला.

"अहो, या इकडे. बघा."

तिने जरीकाठाची जड साडी नेसली होती. गळ्यात, हातात, सगळे घातले होते. मी वाकलो. काट्यावर ५७.४ दिसले. घरी आणली त्या दिवशी ५६.२ होते. साडी चांगली सातशे ग्रॅम भरेल. दागिने आणि वेणी वेगळी. इन्सुलिन सुरू झाल्यावर अंगात पाणी राहते, असेही डॉक्टरांनी सांगितले आहे. या सर्वांची वजाबाकी केली असता हाती काय उरते, हे मला उभ्या उभ्या सांगता आले असते.

"किती?" तिने विचारले.

मी काट्यावर दिसला तो आकडा सांगितला.

"वाढलं की!" तिने तिथूनच, काट्यावर उभ्यानेच, स्नेहलला फोन लावला. "अगं, अठ्ठावन झालं माझं. हो, हो, अठ्ठावन. बाबांनी स्वतः बघितलंय. विचार हवं तर."

तिने फोन माझ्या कानाशी धरला.

"हो," मी म्हणालो. "अठ्ठावन."